घरच्या खोलीतल्या अल्बमला ग्रंथालयात जागा हवी

अंबाजोगाईसारख्या गावात कोणी पहिला कवितासंग्रह काढला, तर पुढे काय होते हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सभागृह ठरते, शाल-श्रीफळ येते, महाविद्यालयातले एक-दोन प्राध्यापक बोलतात, वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर छायाचित्र छापून येते आणि काही महिन्यांनी कुठल्या तरी अंकात परीक्षणही येते. संग्रह कसा आहे हा प्रश्न नंतरचा असतो. आधी तो ‘पुस्तक’ म्हणून मान्य होतो. त्याच गावातल्या त्याच वयाच्या मुलाने नऊ गाणी लिहिली, त्यांना चाली लावल्या, गिटार आणि कीबोर्ड स्वतः वाजवला, घराच्या वरच्या खोलीत रात्री जागून ती गाणी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली आणि सलग अल्बम म्हणून लोकांसमोर ठेवली, तर त्याची ‘भारी झालंय’ एवढ्यावर बोळवण होते. कोणी नऊच्या नऊ गाणी ऐकत नाही, कोणी त्यात काय फसले ते सांगत नाही, आणि दहा वर्षांनी ती गाणी कुठे सापडतील याची काळजी वाहणे हे कोणाचेच काम नसते.

माझे म्हणणे असे आहे की, एकट्याने घरी तयार केलेला अल्बम ही पुस्तकाच्या बरोबरीची कृती आहे, आणि ज्या सार्वजनिक व्यवस्थेने आजवर पुस्तकाला आधार दिला, त्या व्यवस्थेने, म्हणजे ग्रंथालयांनी, नियतकालिकांनी, विद्यापीठांनी आणि शासनाच्या अनुदान योजनांनी, या अल्बमलाही आधार द्यायला हवा. मराठवाड्यात ही गोष्ट अधिक निकडीची आहे, कारण इथल्या गायकाला मुंबई-पुण्याचा स्टुडिओ परवडत नाही, आणि परवडला तरी त्याची भाषा तिथून बदलून परत येते.

एका मुलाचा असा एक अल्बम तयार होताना मी जवळून पाहिला आहे. खोली दहा बाय दहाची, वर पत्रा. तीन बाजूंनी दोरीवर आजीच्या हातच्या वाकळी टांगलेल्या, चौथ्या बाजूला कपड्यांनी भरलेले उघडे कपाट. सुरुवातीला त्याने भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. पुष्कळ जण चिकटवतात. त्या पुठ्ठ्याने बाहेरचा आवाज अडत नाही आणि आतला घुमारही फारसा कमी होत नाही, हे दोन गाणी वाया गेल्यावर त्याच्या लक्षात आले. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून शिवलेली जड वाकळ मात्र आवाजाची वरची धार नेमकी शोषून घेते. खालच्या स्वरांवर तिचा इलाज चालत नाही. दहा फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा स्वर कोंडून फुगतो, आणि लांबी-रुंदी सारखी असली की दोन्ही दिशांनी तोच स्वर फुगतो. त्यामुळे बेस जेवढा ऐकू येतो तेवढा गाण्यात प्रत्यक्ष नसतो. हे कळायला त्याला चार महिने लागले. गाणे खोलीत भरदार वाटायचे आणि मित्राच्या गाडीत लावले की पोकळ. शेवटी तो प्रत्येक मिक्स, म्हणजे आवाज आणि वाद्ये एकत्र जुळवलेले गाणे, हेडफोनवर, मोबाइलवर आणि गाडीत असा तीन ठिकाणी ऐकून मगच पक्का करू लागला.

गाण्याची वेळ रात्री एक ते चार. त्याआधी शेजारच्या बोअरची मोटार चालू असते, पाण्याचे टँकर ये-जा करत असतात, लग्नसराईत कुठे ना कुठे डीजे असतो. चारनंतर कोंबडे आणि दुधाच्या गाड्या. वीज गेली तर लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालतो, पण इन्व्हर्टरची गुणगुण माइकमध्ये उतरते. पंखा तर बंदच ठेवावा लागतो, कारण कंडेन्सर माइक त्याची घरघर सोडत नाही, आणि मे महिन्यात पत्र्याखाली पंखा बंद करून गायचे म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर अंग पुसायला थांबायचे. तिसऱ्या गाण्यात शेवटच्या ओळीच्या अगदी आधी पाल चुकचुकते. टेक, म्हणजे एका दमात केलेले ते ध्वनिमुद्रण, चांगला उतरला होता, म्हणून त्याने तो तसाच ठेवला. ते गाणे एका संशयाचे आहे, आणि पाल चुकचुकली म्हणजे काय हे मराठी कानाला सांगावे लागत नाही. मला विचाराल तर अख्ख्या अल्बममधली ती सर्वांत खरी जागा आहे.

अशा खोलीत झालेले काम कच्चेच असणार, ते फार तर नमुना म्हणून ऐकावे, असा समज संगीतातल्या जाणत्या माणसांमध्येही आढळतो. ध्वनिमुद्रणाचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचा आवाज टिपला, तो हॉटेलच्या खोल्यांत तात्पुरती यंत्रे मांडून. आपल्याकडच्या व्यापारी ध्वनिमुद्रणाची सुरुवातच अशी झाली. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकी गायकाने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर एकट्याने काही गाणी टिपली. बँडला ती ऐकवता यावीत, एवढाच हेतू होता. पुढे बँड घेऊन स्टुडिओत तीच गाणी पुन्हा करून पाहिली, पण घरच्या कॅसेटवर जे उतरले होते ते तिथे उतरेना, आणि अखेर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती कॅसेटवरची गाणीच ‘नेब्रास्का’ या नावाने प्रकाशित झाली. स्टुडिओ हाताशी होता, पैसा होता, नावाजलेला बँड होता, आणि तरीही घरातला टेक निवडला गेला. नाइलाज म्हणून घरी केलेले काम आणि विचारपूर्वक निवडलेले घरचे काम यांत फरक आहे, आणि आपल्या पोरांच्या कामात या दोन्ही गोष्टी एकत्र असतात, हे ऐकणाऱ्याने ध्यानात घ्यायला हवे.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर या खोलीचा सर्वांत मोठा लाभ भाषेचा आहे. या अल्बममधल्या एका गाण्याचे ध्रुवपद ‘काय करायलास’ असे विचारते. तेच गाणे त्याने आधी एका शहरातल्या स्टुडिओत तासावर पैसे मोजून करून पाहिले होते. तिथे त्याला ‘काय करतोयस’ म्हणायला सांगण्यात आले, कारण ते सगळीकडे चालते. मात्रांत ते बसलेही. पण ‘करायलास’मधला ‘रा’ लांबतो, त्या लांबण्यावर त्याने चाल बांधली होती. ‘करतोयस’ म्हटले की ती जागाच बुजते. ‘काका, ते वाक्य नीट कर म्हणले मला, पण माझी आजी असंच बोलती,’ असे तो म्हणाला. स्टुडिओतल्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. घड्याळ चालू असते, पैसे गायकाच्या खिशातून जात असतात, आणि अशा वेळी कोणीही जाणकार माणूस चालून जाईल तेच सुचवतो. म्हणूनच ज्या खोलीत घड्याळाचे भाडे नाही, तिथे बोली टिकते. आमची बोली मराठी चित्रपटात बहुधा हसवण्यापुरती किंवा गावगुंडाच्या तोंडी येते. प्रेमात पडलेल्या, शिकलेल्या, एकाकी तरुणाच्या तोंडी ती पॉप गाण्यात गंभीरपणे आली, तर त्या बोलीत विचार करणाऱ्या हजारो मुलांना आपल्या मनाची भाषा पहिल्यांदा गाण्यात सापडते. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, तेव्हा प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आणि गावोगावची भीमगीते अशीच घरोघर पोचली. पण तेव्हाही काय ध्वनिमुद्रित करायचे हे कॅसेट काढणारी कंपनीच ठरवत असे. आता तो निर्णय गाणाऱ्याच्या हाती आला आहे.

गाणे घरात जन्मते आणि घरातच पूर्ण होते, हे आपल्याला नवीन नाही. गंगाखेडच्या जनाबाईचे नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे जात्याची गोष्ट सुरू होत नाही. जात्यावरची ओवी पहाटे, एकटीने किंवा दोघींनी, श्रोत्यांची वाट न पाहता गायली गेली. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी सहकाऱ्यांसह गावोगाव जाऊन अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांतल्या काही टेपवर टिपल्या. माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यांत आहेत. त्या बायकांचे आवाज आज आपल्याला ऐकता येतात, ते कोणीतरी यंत्र घेऊन त्यांच्या दारात गेले म्हणून. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि ज्यांची नोंद झाली नाही त्या ओव्या त्या बायकांबरोबर गेल्या.

आता या एकटेपणातली उणीव. माझ्या मते घरच्या अल्बमचा खरा दोष आवाजाच्या प्रतीत नसतो. ‘हे नको’ म्हणणारे कोणी जवळ नसते, हा त्याचा दोष असतो. या नऊपैकी पाच गाणी जवळजवळ एकाच लयीत आहेत. सातव्या गाण्यात कीबोर्डचे इतके थर चढवले आहेत की शब्द त्यांच्याखाली गाडले जातात, आणि शेवटच्या गाण्यात स्वर सरळ करणारे सॉफ्टवेअर इतके घट्ट लावले आहे की ज्या गळ्यासाठी आपण ते ऐकतो तो गळाच उरत नाही. सोबत एखादा तबलजी, अरेंजर किंवा ध्वनितंत्रज्ञ असता, तर त्याने हे पहिल्याच दिवशी सांगितले असते. बिली आयलिश या गायिकेचा जो अल्बम भावाच्या झोपायच्या खोलीत तयार झाला, २०१९ साली प्रकाशित झाला आणि २०२० मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक घेऊन गेला, त्याचेही मिक्सिंग घराबाहेरच्या कसलेल्या तंत्रज्ञाने केले होते. लेखकाला संपादक लागतो, तसा घरी गाणाऱ्यालाही परका कान लागतो.

हा कान तयार करणे हे समीक्षेचे काम आहे आणि ते आपण मुळीच करत नाही. मराठवाडा साहित्य परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’सारख्या नियतकालिकात पुस्तकांची परीक्षणे येतात, तिथे वर्षाला चार अल्बमची परीक्षणे यायला कशाची अडचण आहे? उस्मानाबादला जानेवारी २०२० मध्ये आणि उदगीरला एप्रिल २०२२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अशा संमेलनात नव्या कवीला कविता वाचायला मंच मिळतो. नव्या गीतकाराचा अख्खा अल्बम चांगल्या स्पीकरवर शांतपणे ऐकायचा आणि मग त्यावर तासभर खुलेपणाने बोलायचे, असे एक सत्र तिथे सहज बसू शकते. त्या मुलाला कौतुकाची भूक आहेच, पण सातव्या गाण्यात काय बिघडले हे सांगणाऱ्या माणसाची त्याहून अधिक आहे. मी सांगितले तेव्हा त्याने वही काढून लिहून घेतले.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. ‘घरी रेकॉर्ड केले’ असे म्हणताना आपण घर गृहीत धरतो. माझ्या ओळखीची एक मुलगी परळीजवळच्या गावात राहते. गळा त्या मुलापेक्षा उजवा आहे. घरात दोन खोल्या आणि सात माणसे. रात्री एक वाजता दार लावून मुलगी प्रेमाची गाणी गाते, हे घराला चालणार नाही आणि शेजाऱ्यांना तर नाहीच. तिची गाणी मोबाइलमध्ये आहेत, दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत, मागे भांड्यांचे आवाज आणि मधेच आईची हाक. यंत्रे स्वस्त झाली म्हणून गाणे सर्वांना मोकळे झाले, असे जे म्हटले जाते ते तिच्या बाबतीत खोटे आहे. तिच्याकडे यंत्र आहे. शांत खोली नाही.

म्हणून माझी मागणी शांत खोलीची आहे. तालुक्याच्या प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयात एक छोटी खोली असावी, भिंतींवर जाड शोषक थर असलेली, दोन माइक, एक साऊंड कार्ड, एक संगणक आणि चांगला हेडफोन असलेली, आणि ती दिवसा, नाव नोंदवून, मोफत मिळावी. दिवसा हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. ग्रंथालयात जाते म्हणून मुलगी दुपारी घराबाहेर पडू शकते. जागा नाही हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. स्पर्धा परीक्षेची मुले वाढली, तेव्हा याच ग्रंथालयांनी अभ्यासिकांना जागा काढून दिली आणि ते योग्यच केले.

हक्काच्या बाबतीत कायदा आपल्या समाजापेक्षा पुढे आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा ध्वनिमुद्रण कुठे झाले हे विचारत नाही. ज्याने पुढाकार घेऊन आणि जबाबदारी पत्करून ध्वनिमुद्रण केले तो निर्माता, आणि त्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. म्हणजे पत्र्याच्या खोलीतला हा मुलगा कायद्याने गीतकार आहे, संगीतकार आहे, गायक आहे आणि निर्माताही आहे. पण हे हक्क पैशात उतरत नाहीत. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला आहे की, मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मोबदला मिळणार नाही. मराठवाडी बोलीतल्या पॉप गाण्याला हा आकडा डोंगराएवढा आहे, कारण तिथपर्यंत ते पोचवणारे कोणी नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देते. त्याच धर्तीवर पहिल्या अल्बमसाठी अनुदान असावे आणि ते मिक्सिंग-मास्टरिंगच्या, म्हणजे गाण्यातले आवाज जुळवून त्यावर शेवटचा हात फिरवण्याच्या, खर्चासाठी द्यावे, म्हणजे परका कान आपोआप मिळेल.

सर्वांत अधिक जीव तुटतो तो जतनाच्या प्रश्नावर. ही गाणी आज कोणाकडे आहेत? एक प्रत त्याच्या लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, आणि बाकी परदेशी कंपन्यांच्या यंत्रांवर. गाणी या कंपन्यांपर्यंत पोचवणारे काही वितरक वार्षिक शुल्क घेतात आणि ते थकले की गाणी उतरवली जातात. मायस्पेस या संकेतस्थळाने २०१९ मध्ये कबूल केले की, २००३ ते २०१५ या काळात लोकांनी तिथे ठेवलेले संगीत सर्व्हर हलवताना नष्ट झाले. तो आकडा सुमारे ५ कोटी गाण्यांचा सांगितला गेला. त्यात जगभरच्या कितीतरी घरांतल्या खोल्या होत्या.

पुस्तकाच्या बाबतीत असे होऊ नये म्हणून आपण १९५४ मध्ये केंद्रीय कायदा केला, ज्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. त्या कायद्याच्या व्याख्येत स्वतंत्रपणे छापलेले स्वरलिपीचे पानही पुस्तक ठरते. म्हणजे गाणे कागदावर लिहून छापले तर राष्ट्र ते जपायला बांधलेले आहे, आणि तेच गाणे गायले तर नाही. ही व्याख्या वाढवायला हवी, आणि तोवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या ग्रंथालयांनी आपल्या आठ जिल्ह्यांतले असे अल्बम स्वतःहून मागवून घ्यायला हवेत.

यावर असे विचारले जाईल की, जो तो गाणी करतो, मग ग्रंथालयांनी सगळा केरकचरा साठवायचा का? ग्रंथालय आजही फक्त उत्तम पुस्तके ठेवत नाही. काय उत्तम हे पन्नास वर्षांनी ठरते आणि ते ठरवायला वस्तू शिल्लक असावी लागते. जागेचे म्हणाल तर या ३८ मिनिटांच्या अल्बमची, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची, म्हणजे पूर्ण गुणवत्तेची प्रत साधारण साडेसहाशे मेगाबाइट भरते. एक टेराबाइटच्या, तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये असे हजार अल्बम बसून वर जागा उरेल. दोन डिस्क घेऊन दोन वेगळ्या गावांत ठेवल्या की काम झाले. याच अंबाजोगाईत दासोपंतांनी (१५५१–१६१५) घरात पांघरायच्या पासोडीसारख्या लांबलचक कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले, आणि चार शतके उलटली तरी ते कापड गावात आहे. कागद नव्हता म्हणून की आणखी कशामुळे, त्या वादात मी शिरत नाही. मला एवढेच दिसते की घरातले कापड होते, त्यावर लिहिले गेले, आणि पुढच्या पिढ्यांनी ते फडके मानले नाही.

मार्च महिन्यात तो मुलगा आणि मी गावाकडच्या एका ग्रंथालयात गेलो. त्याने पेन ड्राइव्हमध्ये अल्बम नेला होता आणि सोबत गीतांची छोटी पुस्तिका छापून घेतली होती. ग्रंथपाल बाईंनी आम्हाला बसवले, पाणी दिले, मुलाची आपुलकीने चौकशी केली आणि दाखल नोंदवही उघडली. लेखकाच्या रकान्यात त्याचे नाव लिहिले, शीर्षक लिहिले, प्रकाशकाच्या जागी ‘स्वतः’ असे लिहिले. पुढचा रकाना पृष्ठसंख्येचा होता. तिथे त्यांचा पेन थांबला. पेन ड्राइव्ह त्यांनी उलटसुलट करून पाहिला, मग पुस्तिका घेऊन तिची पाने मोजली, १६ लिहिले, पहिल्या पानावर शिक्का मारला आणि पेन ड्राइव्ह त्याच्या हातात परत दिला. ‘बाळा, हे कुठं लिहू? मला त्याचा रकानाच नाही,’ असे त्या म्हणाल्या.